जबलपूरला गाडीची पूजा मागून करतात

पुण्याहून जबलपूरला स्वतःच्या गाडीने जायचं असेल तर सोबत काय न्यावं, याची यादी मी कुणालाही द्यायला तयार आहे. सुतळी, विजेरी, चिकटपट्टी, पाण्याचा कॅन, ओली फडकी, कोरडी फडकी, आंबट गोळ्या. माझ्या यादीत एकच गोष्ट राहून गेली आणि नेमकी तिच्यावाचून आमची गाडी अडली. ती कुठल्या दुकानात मिळत नाही, एवढंच आत्ता सांगते.

जाण्याचं कारण होतं श्रीकांतची आत्या. श्रीकांत म्हणजे माझा नवरा. आत्या लग्न होऊन नागपूरहून जबलपूरला गेल्या आणि तिथल्याच झाल्या. यजमान तोफांच्या कारखान्यात, पुढे मुलगाही तिथेच. आता त्यांना ऐंशी वर्षं पूर्ण होणार होती आणि त्यांची एकच इच्छा होती: भेडाघाटला जाऊन नर्मदामाईची ओटी भरायची. भेडाघाट त्यांच्या घरापासून तासाभराच्या आतच आहे. पण आत्यांची अट अशी, की रिक्षा नको, भाड्याची गाडी नको, भाच्याच्याच गाडीतून जायचं. कारण शेजारच्या मिश्राइन चाचींचा पुतण्या लखनौहून स्वतःच्या गाडीने आला होता आणि चाचींना संगमरवरी कडे दाखवून आणले होते. तेव्हापासून कुंपणापलीकडून त्या कड्यांचं वर्णन ऐकून आत्यांचे कान किटले होते. "माझाही भाचा येईल पुण्याहून," असं आत्या इतकी वर्षं सांगत होत्या, की मिश्राइन चाची आता नुसतं "हओ दीदी" म्हणत. तो "हओ", म्हणजे तिथला 'हो', आत्यांच्या जिव्हारी लागत असे.

तेव्हा जाणं भागच होतं.

निघण्याआधी गाडीची तपासणी झाली. गाडी चांगली आहे, पण डिक्कीचं झाकण खडखडायचं. एवढ्या लांबच्या प्रवासात ती खडखड कोण ऐकणार? श्रीकांतने न्हाणीघरातली जुनी स्लिपर कापून तिचे चार जाड तुकडे केले आणि डिक्कीच्या कडेला चिकटवले. झाकण त्यांच्यावर मऊ टेकायला लागलं. खडखड बंद. त्या कामाचा त्याला इतका अभिमान वाटला, की खालच्या मजल्यावरच्या जोशींना त्याने झाकण तीनदा लावून दाखवलं.

नागपूर

पहिला मुक्काम नागपूरला होता. सकाळी सावजी रस्सा आठवत (आदल्या रात्रीचा, तो आपल्याला विसरू देत नाही) आम्ही गाडीत बसलो. किल्ली फिरवली. "टक्." बस्स.

"बॅटरी उतरली," श्रीकांत म्हणाला.

"बॅटरी बसली न भाऊ," लॉजचा पहारेकरी म्हणाला. इथे बॅटरी उतरत नाही, बसते. पुण्यात गाडी बंद पडली की चार माणसं जमतात, कमरेवर हात ठेवतात आणि सल्ला देतात. नागपुरात आधी धक्का मारतात आणि गाडी सुरू झाल्यावर तिच्यामागे पळत पळत सल्ला देतात. मला ही पद्धत आवडली, फक्त सल्ला ऐकू येत नाही.

मोबाइलचा चार्जर रात्रभर लावून ठेवलास, असं मी श्रीकांतला म्हणाले. तू आरशात बघायला आतला दिवा लावलास, असं तो मला म्हणाला. सिवनीच्या पुढे सागाचं जंगल लागेपर्यंत हा विषय पुरला. दिवसभर गाडी चालली, बॅटरी भरली असेल असं धरून आम्ही तो मिटवला.

राइट टाउन

आत्यांचं घर राइट टाउनमध्ये, एका शाळेच्या मागच्या गल्लीत. पोहोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. आत्या व्हरांड्यात खुर्ची टाकून बसल्या होत्या, आणि ती खुर्ची अशी मांडलेली की गाडी आत येताना कुंपणापलीकडच्या माणसाला त्यांचा चेहरा दिसावा. आत्यांचे चिरंजीव, प्रभाकर भाऊजी, फाटक उघडायला धावले. ते कारखान्यात तपासणी विभागात होते. निवृत्त झाले तरी तपासणी सुटलेली नाही. माझ्या हातातल्या पिशवीची शिवण त्यांनी फाटकातच ओढून पाहिली.

बॅगा उतरवल्या. अडीअडचणीचं सामान डिक्कीतच नीट रचून ठेवलं, झाकण लावलं, आणि मी दोन्ही हातांत ओझं घेऊन पायऱ्या चढत होते, तेव्हा मागून आत्यांचा आवाज आला.

"सूनबाई, डिक्कीतला बल्ब जळून राहिला."

म्हाताऱ्या माणसाची नजर किती तीक्ष्ण, असं मला कौतुक वाटलं. बल्ब जळलाय, हे आम्हाला पुण्यापासून इथवर कळलं नव्हतं आणि यांनी पायरीवरून ओळखलं. मी मान न वळवता म्हणाले, "हो आत्या, असू दे. पुण्याला गेल्यावर बघू. तोवर राहू दे तसाच."

आत्यांनी डिक्कीकडे एकदा पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, "बरं बाप्पा. तुमच्याकडे असन तसं."

भाऊजींच्या बायको मुलीकडे, तिच्या बाळंतपणाला गेल्या होत्या, म्हणून स्वयंपाकघर माझ्या ताब्यात आलं. पण त्या रात्री आत्यांनी मला हात लावू दिला नाही. गोळाभात केला होता. भातात वाफवलेले डाळीचे गोळे आणि वरून लसणीची फोडणी. आमच्याकडे फोडणी चमच्याने येते, इथे पळीने. मी दोनदा घेतला, श्रीकांतचं मी मोजलं नाही.

सकाळी आत्या तयार होऊन बसल्या. हिरवं लुगडं, नाकात नथ, मांडीवर ओटीचं ताट. तारखेने वाढदिवस आजच होता. मिश्राइन चाची त्यांच्या फाटकात उभ्या. आत्या पुढच्या सीटवर बसल्या, पदर सावरला, चाचींकडे पाहून राणीसारखा हात हलवला, आणि श्रीकांतने किल्ली फिरवली.

"टक्."

आत्यांचा हात हवेत तसाच राहिला.

"काय दीदी, नहीं जा रहीं?" चाचींनी विचारलं.

आत्या गाडीतून उतरल्या आणि मान ताठ ठेवून म्हणाल्या, "आज तो तारीख है. तिथि कल है. हम तिथि मानते हैं."

घरात आल्यावर त्यांनी नथ काढली आणि माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "श्रीला सांग, तिथी एकच असते. परवा तुम्ही निघणार. उद्या नाही झालं तर मिश्राइन मला वर गेल्यावरही 'हओ दीदी' म्हणन." भाऊजींनी भाड्याची गाडी आणतो म्हटलं, तर त्यांनी असं पाहिलं, की भाऊजी फाटकाच्या बिजागऱ्या तपासायला निघून गेले.

याच सकाळी मला इथल्या एका प्रथेचा शोध लागला. गाडीला धक्का मारायला मागे गेले, तर मागच्या बंपरवर झेंडूचं फूल आणि चार बत्तासे. डिक्कीच्या झाकणाला हळदकुंकू. आमच्याकडे गाडीची पूजा पुढून करतात, बॉनेटवर स्वस्तिक काढतात, चाकाखाली लिंबू ठेवतात. जबलपूरला मागून करतात, असं दिसलं. वाटलं, पाहुण्याची गाडी परत जाताना मागूनच दिसते, म्हणून असेल. मला हा विचार फार सुंदर वाटला आणि मी तो फोन करून पुण्यातल्या भिशीला कळवलासुद्धा.

आता बॅटरीकडे वळते. भाऊजींनी चौकातल्या गॅरेजवाल्या रज्जू भैयांना फोन लावला आणि फोन ठेवून म्हणाले, "रज्जू येऊन राहिला."

येऊन राहिला! मला कुणी सांगितलंही नाही! मी घाईघाईने एका माणसाचा भात वाढवून टाकला आणि पाहुण्यांच्या खोलीत एक गादी घातली. तासाभराने रज्जू भैया स्कूटरवरून आले, तेव्हा मी त्यांना विचारलं, "आप की चादर जाड़ी चलेगी?" ते भाऊजींकडे पाहायला लागले. भाऊजी माझ्याकडे पाहायला लागले. श्रीकांत गादीकडे पाहून इतका हसला, की त्याला पाणी द्यावं लागलं. 'येऊन राहिला' म्हणजे 'येतो आहे', असं मला समजावून सांगण्यात आलं. मी ते पक्कं लक्षात ठेवलं. पण 'येऊन'पुरतंच.

रज्जू भैयांची पद्धत व्यवस्थित होती, ती वाचकांना उपयोगी पडेल म्हणून सांगते. त्यांनी आधी बॅटरीच्या टोकांवरची पांढरी बुरशी गरम पाण्याने धुतली. मग बॅटरी चार्ज करून आणली. मग गाडी सुरू करून पाहिलं की चालताना बॅटरी भरते की नाही. भरत होती. मग गाडी बंद करून, बॅटरीची एक तार सोडवून मध्ये मीटर लावलं. सगळं बंद असताना मीटरवर जवळपास काहीच दिसायला नको. आमचं मीटर मात्र काटा उंचावून बसलं होतं.

"कोई चीज करंट पी रही है, बड्डे," ते श्रीकांतला म्हणाले. जबलपूरला कुणीही कुणालाही बड्डे, म्हणजे दादा, म्हणतं. श्रीकांतला वाटलं त्यांना आत्यांच्या वाढदिवसाचं कळलं, तो म्हणाला, "हां, तारीख से आज, तिथि से कल."

मग रज्जू भैया एकेक फ्यूज काढून मीटर बघायला लागले. एक काढला, काही नाही. दुसरा, तिसरा, काही नाही. मग एक काढला आणि काटा धपकन खाली. "ये रहा. अंदर की बत्तियाँ और गाना, दोनों इसी पे हैं." छतावरचा दिवा बंद होता. हातमोजे ठेवायच्या कप्प्यात दिवाच नव्हता.

"डिक्की में बत्ती है?"

"है, पर वो तो पहले दिन से गया हुआ है," मी ठामपणे म्हणाले.

"पक्का?"

"एकदम पक्का. घर के बड़ों ने देखा है."

आता राहिलं गाणं. त्यांनी म्युझिक सिस्टीम उपसून काढली. समोर एक चौकोनी भोक आणि त्यातून लोंबणाऱ्या रंगीत तारा. यानंतर मीटर पुन्हा बघायला हवं होतं. पण नेमके तेव्हा भाऊजी खव्याची जलेबी घेऊन आले. ती आमच्या जिलबीसारखी पिवळी, पोकळ आणि कुरकुरीत नसते. काळपट, जाड, आतून मऊ, आणि गरम असेपर्यंतच खरी. मीटर गार झालं तरी चालतं. रज्जू भैयांनी बोटं चाटली, फ्यूज खोचला, तार जोडली आणि "हो गया बड्डे" म्हणून गेले.

संध्याकाळी आत्यांनी तुळशीपुढे दिवा लावला. मग वळून आमच्या गाडीच्या मागे गेल्या, डिक्कीसमोर उभ्या राहिल्या, हात जोडले. कुंपणापलीकडून मिश्राइन चाचींनीही जोडले. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहत होते. गाडी चालू व्हावी म्हणून म्हातारी देवाला विनवते आहे, असं वाटून मला भरून आलं. मी भाजीत मीठ दोनदा टाकलं.

तिथी

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्यांनी पुन्हा नथ घातली. श्रीकांत गाडीत बसला.

"टक्."

बंपरवर आज नारळ होता. आत्या व्हरांड्यातल्या खुर्चीत बसून राहिल्या, ताट मांडीवर, नजर फाटकाबाहेर. ऐंशी वर्षांच्या बाईने हट्ट करावा आणि आपण पुणेकरांनी 'टक्' एवढंच उत्तर द्यावं, याची मला लाज वाटली. मी चहा करायला आत गेले. चहा गाळला आणि कपबशी घेऊन बाहेर आले. आत्या खुर्चीतूनच, आतल्या दाराकडे पाहून म्हणाल्या, "सूनबाई, गॅस जळून राहिला. बंद कर."

गॅस जळला? मी धावत आत गेले. शेगडी धडधाकट होती. तिच्यावर निळी ज्योत, मी बंद करायला विसरलेली, छानपैकी जळत होती. जळत. होती.

मी ज्योतीकडे पाहिलं. मग येऊन राहिलेला रज्जू आठवला. मग डिक्कीतला बल्ब. माझ्या यादीत राहून गेली होती ती इथली बोली.

"श्रीकांत!" मी अशी ओरडले, की भाऊजींच्या हातातला नारळ पडला. "बल्ब गेलेला नाही! बल्ब राहिलाय!"

श्रीकांतला काही समजलं नाही, पण लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर तो न समजताही धावतो. मी आत्यांसमोर उभी राहिले. "आत्या, त्या दिवशी तुम्ही म्हणालात, डिक्कीतला बल्ब जळून राहिला. म्हणजे पेटलेला होता? झाकण लावलेलं असताना?"

"हो न," आत्या म्हणाल्या. "काचेतून दिसे उजेड. मी तर तुला आल्याआल्याच सांगितलं. तू म्हणली, असू दे, पुण्याला जाईपर्यंत राहू दे. मी म्हटलं, नवस असन. प्रवासात अखंड दिवा ठेवायचा असन तुमच्याकडे. काहून, नाही का?"

"आणि ते बत्तासे?"

"मिश्राइनचे. मी सांगितलं न तिला, माझी सून पुण्याहून अखंड ज्योत घेऊन आली म्हणून. ती म्हणे, दीदी, रातभर जलती है और भोर में अपने आप शांत हो जाती है, चमत्कार है."

चमत्कार कसला, तेव्हा बॅटरी संपत होती.

भाऊजींनी हे सगळं ऐकलं, पण तपासणीवाला माणूस ऐकीव माहितीवर सही करत नाही. मी म्हटलं, मोबाइलवर चित्रीकरण लावून तो डिक्कीत ठेवू आणि झाकण लावू. ते म्हणाले, "नाही वहिनी, प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय नाही." पण बॅटरी रिकामी असताना बल्ब दिसणार तरी कसा? आधी दुसऱ्या गाडीवरून करंट घ्यायला हवा होता. आणि गल्लीत दुसरी गाडी एकच होती.

"मिश्राइनचा करंट मला नको," आत्या म्हणाल्या.

पण मिश्राइन चाची फाटकातून आधीच आत आल्या होत्या. "दीदी, ज्योत के लिए करंट चाहिए और आप पूछ भी नहीं रहीं?" त्यांनी स्वतः किल्ली आणून दिली. एक अट मात्र घातली: "हम भी चलेंगे भेड़ाघाट, ज्योत के साथ."

आत्यांनी एक क्षण विचार केला. मिश्राइन, भाच्याच्या गाडीत, मागच्या सीटवर. त्या म्हणाल्या, "चलो."

गाड्या नाकाला नाक लावून उभ्या केल्या, तारा जोडल्या, इंजिन सुरू झालं. डिक्की बंद. भाऊजी मागच्या सीटवर गुडघे टेकून, डिक्कीवरच्या फळीखाली डोकं घालून आत शिरले.

"काय दिसतं?"

"जळून राहिला!" आतून घुमटात बोलल्यासारखा आवाज आला. "पंचवीस टक्के डिक्की लख्ख आहे! वहिनी, कॅन नीट रचला आहे, पण..." मग फळी दोनदा हलली. "माझं डोकं निघून नाही राहिलं."

डोकं निघत नाहीये, हे मला या वेळी लगेच कळलं. मी आणि श्रीकांतने एकेक पाय धरला. मिश्राइन चाचींनी डोळे मिटून हात जोडले. त्यांना वाटलं भाऊजी ज्योतीला साष्टांग घालतायत.

डोकं निघाल्यावर मी डिक्की उघडली आणि सामान बाजूला केलं. बल्ब एका कोपऱ्यात, माझ्या कॅनमागे. त्याला बंद करणारं बटण कडेला, झाकण पूर्ण मिटलं की दाबलं जाणारं. आणि झाकण पूर्ण मिटत नव्हतं, कारण त्याच्याखाली चार ठिकाणी आमच्या न्हाणीघरातली स्लिपर होती. श्रीकांतने खाली मान घालून ते तुकडे खरवडून काढले. 'गेला' आणि 'राहिला' यात मी जे केलं होतं, त्यानंतर मला स्लिपरवर बोलायचा हक्क नव्हता. झाकण लावल्यावर बल्ब विझतो, हे भाऊजींनी मोबाइलवरच्या चित्रीकरणात पाहून घेतलं. डोकं घालायला कुणी सुचवलं नाही.

भेडाघाट

आत्या पुढे बसल्या. गल्लीतून जाताना त्यांनी प्रत्येक फाटकाला हात केला, रिकाम्या फाटकांनासुद्धा. आमची म्युझिक सिस्टीम रज्जू भैयांकडे, म्हणून समोरच्या भोकातून वारा शीळ घालत होता. खडखड परत आली होती. मला ती आवडायला लागली.

मागे मिश्राइन चाची अस्वस्थ होत्या. त्यांनी तीनदा मान वळवून फळीच्या फटीतून पाहिलं. "दीदी, ज्योत तो दिख नहीं रही."

आत्या मागे न वळता म्हणाल्या, "माई के सामने ही दर्शन देगी अब."

धुवाँधार धबधब्याचा आवाज आधी ऐकू येतो, मग पाणी दिसतं. नर्मदा कड्यावरून खाली पडते आणि तिचा धूर होऊन वर येतो. चष्मा पुसायला मी कोरडी फडकी काढली, तीही ओली झाली. आत्या बराच वेळ नुसत्या पाहत उभ्या होत्या. मग आजूबाजूच्या लोकांकडे बोट दाखवून मिश्राइन चाची मोठ्याने म्हणाल्या, "पूना से भतीजा आया है दीदी का. अपनी गाड़ी से लाया है." हे वाक्य त्यांनी संगमरवराचे हत्ती विकणाऱ्यालाही ऐकवलं. आत्यांनी ऐकलंच नाही असं दाखवलं. पण नथ दोनदा सारखी केली.

ओटीचं ताट काढायला मी डिक्की उघडली. वर ढग दाटले होते, त्यामुळे आतला बल्ब स्पष्ट दिसला, पिवळा, छोटा, कॅनशेजारी. मिश्राइन चाचींनी हात जोडले. त्यांचं पाहून हत्तीवाल्याने जोडले. एका सहलीतल्या चार बायका थांबल्या, त्यांनीही जोडले. एकीने विचारलं, कौन से भगवान हैं? श्रीकांत तोंडात रुमाल कोंबून पाण्याकडे बघायला निघून गेला.

मी आत्यांकडे पाहिलं. त्यांनी डोळे मिटून, अगदी भक्तिभावाने नमस्कार केला. मग माझ्या कानाशी वाकल्या.

"दर्शन झालं सगळ्यांचं. आता झाकण लाव, सूनबाई. नाहीतर परत जाताना मिश्राइनला धक्का माराव लागन."

ताट त्यांच्या हातात देऊन मी झाकण लावलं. मग दाबून, पुन्हा एकदा लावलं.